राखलेली विहीर

कोल्हापुरात राहून पाण्याची टंचाई मोजायची नोकरी धरली, म्हणून माझी जेवढी थट्टा झाली तेवढी आमच्या घरात कुणाचीच झाली नसेल. पंचगंगा दर पावसाळ्यात घाट गिळून रस्त्यावर येते, जिकडं बघावं तिकडं ऊस उभा, आणि इथं टंचाई? माझे काका भेटतील तेव्हा विचारायचे, "पावसाळ्यात तुझा पगार कापत्यात काय गं?" मी मुळात तापट. घरात मला लवंगी मिरची म्हणत. काकांना मी दर वेळी सांगायची, की जिल्ह्यातला पाऊस सगळ्यांच्या माठात सारखा पडत नाही. ते हसायचे, आणि मागच्या दाराला नळाखालचं पिंप भरून वाहत असायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावोगावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी मोजायच्या आणि पाणी पुरेसं की अपुरं ते लिहायचं, एवढंच माझं काम. साधन म्हणजे एक पोलादी टेप. तिच्या टोकाला वजन बांधलेलं. टोकाकडचा भाग खडूनं पांढरा करायचा, वजन तळाला टेकेपर्यंत टेप विहिरीत सोडायची आणि वर ओढायची. जेवढा खडू भिजला तेवढं पाणी. मी खडू लावायला बसले की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, पण मला त्या टेपचा भारी अभिमान होता. माणसं काहीही सांगतील, टेप खोटं बोलत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायची.

त्या वर्षी वरून आलेल्या परिपत्रकात मोठमोठे शब्द होते. शाश्वत विकास, त्याचे निर्देशक, पाण्याची उपलब्धता. जीप चालवणारे आमचे ड्रायव्हर मिशाळ, पन्नाशीचे, सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. मी त्यांना ते परिपत्रक वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "म्हंजे गाव पास का नापास, त्येवढं सांगायचं की." मी म्हटलं, तसंच समजा. नापास झालेल्या गावाला उन्हाळ्यात टँकर मिळणार होता आणि पुढं नळाच्या योजनेत नंबर लागणार होता. विकासाच्या परीक्षेत नापास होण्यातच गावाचं भलं होतं, हे मला तेव्हा मजेशीर वाटलं.

एप्रिलमध्ये आम्ही आजऱ्याच्या बाजूला लागलो. निपाणीवरून उत्तूर, उत्तूरवरून आजरा. गावात शिरताना भाजलेल्या काजूचा वास यायचा आणि मामा हमखास जीप थांबवायचे. आजऱ्याच्या पुढं चढ लागतो आणि वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडा कातळी माळ, पसरतो. पावसाळ्यात तिथं चार-चार महिने कपडे वाळत नाहीत. पण जांभा म्हणजे चाळणी. वरचं पाणी खाली उतरतं, ओढ्यानं नदीला जातं, आणि एप्रिलमध्ये सड्यावर लाल फुफाट्याशिवाय काही उरत नाही. तिथल्या एका वाडीची विहीर मला मोजायची होती. आम्ही येणार असल्याचा निरोप ऑफिसातून आधीच गेला होता, तशी पद्धतच होती.

वाडीत विसेक घरं असतील. जीप थांबली तशी एक बाई पुढं आल्या. हाडकुळ्या, पन्नाशीच्या, आणि आवाज असा की पलीकडच्या टेकावरची म्हैस वळून बघेल. वाडीत सगळे त्यांना आक्का म्हणत.

"या की पावनं, बसा. ऊन लई हाय."

घोंगडं अंथरलं. गुळाचा खडा आणि घासून लख्ख केलेला पाण्याचा तांब्या पुढं आला. मी घटाघटा प्यायले आणि दुसरा तांब्या मागितला. तोही आला. मग आम्ही विहिरीवर गेलो.

ती विहीर मी आजही डोळे मिटून बघू शकते. जांभ्यात चौकोनी कोरलेली, लाल भिंतींची, आणि खाली निवळशंख पाणी. इतकं स्वच्छ की खालच्या दगडाच्या कपारी मोजाव्यात. चहूकडं रखरख, पाय ठेवला तरी भाजावा असा सडा, आणि त्याच्या पोटात हे. मी हातात टेप घेऊन नुसती बघत राहिले. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर माणूस गप्प होतो, तशी गप्प झाले. मग भानावर येऊन टेप सोडली. पुरुषभराहून जास्त पाणी भरलं.

"पास!" मामा म्हणाले.

आक्कांचा चेहरा उजळला. मला गंमत वाटली, कारण दुसऱ्या गावांत लोक 'बाई, जरा कमी लिवा की' म्हणून मागं लागायचे.

निघायच्या आधी मी तोंड धुवायला पाणी मागितलं. अंगणाच्या कडेला उभी राहून चेहरा धुतला, पाय धुतले. समोर एक चार-पाच वर्षांची पोरगी माझ्या पायांवरून ओघळून मातीत जिरणाऱ्या पाण्याकडं टक लावून बघत होती. तिनं ओठांवरून जीभ फिरवली. तिच्या आईनं तिला दंडाला धरून घरात ओढलं, तेही इतक्या घाईनं की मला काहीतरी खटकलं. मग मला दिसायला लागलं. भर दुपारी दारोदारी घागरी पालथ्या. गोठ्यापुढची गुरांना पाजायची डोणी कोरडी ठाक. मी परत विहिरीवर गेले आणि राहाटाच्या दोराला हात लावला. दोर वाळून कडक झालेला, हाताला टोचणारा. उन्हाळ्यात चालत्या विहिरीचा दोर दिवसभर ओला असतो. काठावरचा दगडसुद्धा सुका होता.

"आक्का, आज कुणी पाणी काढलं नाही?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"विहीर राखलिया," आक्का म्हणाल्या.

"राखली म्हणजे?"

"पावनं येनार म्हनलं की दोन दिस आदी कुनी घागर सोडायची न्हाय. झिरपून झिरपून पानी वर येतंय. मंग पावन्याला विहीर भरल्याली दिसती."

"आणि दोन दिवस तुम्ही काय पिता?"

"खाली वढा हाय की."

तो ओढा मी येताना बघितला होता. सड्याच्या पायथ्याला, दगडांत अडकलेली चार डबकी. वाटीवाटीनं घागर भरायची आणि ती डोक्यावर घेऊन अख्खा चढ चढायचा. एरवीही ही विहीर पहाटेच रिकामी होते, आक्का सांगत होत्या. तांबडं फुटायच्या आत बायका ती उपसतात, मग दिवसभर तळाला नुसता चिखल.

माझं डोकं तापलं. "अहो, पण कशासाठी?"

"ह्या वाडीत पोरगी कोन देतंय, बाई? सोयरीक करायला आल्यालं मानूस आदी विहिरीत डोकावतंय, मंग घरात. विहीर मोकळी दिसली की च्या बी न घेता जातंय." कुणाच्याही घरी पाहुणे यायचे असोत, अख्खी वाडी विहीर राखते. बांधावरून ज्यांची तोंडं एकमेकांकडं होत नाहीत, तीही राखतात. "भांडन भांडनाच्या जागी," आक्का म्हणाल्या. "विहिरीच्या आड न्हाय आनायचं."

मला काय वाटलं ते सांगायचं तर, तेवढ्या रागातही मला त्यांचं नवल वाटलं. शेजारणीच्या पोराचं लग्न जमावं म्हणून दोन दिवस आपलं लेकरू तहानलेलं ठेवायचं, आणि याची कुठं वाच्यता नाही, उपकाराची भाषा नाही. आमच्या पेठेत शेजारच्यानं नळाला मोटर लावली म्हणून डोकी फुटत होती. मी त्या पालथ्या घागरींकडं नव्यानं बघत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ अख्ख्या वाडीनं मिळून झाकलेली मी पहिल्यांदाच बघत होते. तरी मी ओरडलेच.

"आक्का, मी काही सोयरीक करायला आले नव्हते! टँकर द्यायचा की नाही ते ठरवायला आले होते!"

"ठावं हाय की," आक्का शांतपणे म्हणाल्या. "पर पावनं ते पावनंच."

मामांनी तर मान डोलावली.

त्या दिवसाचा आकडा मी लिहिला नाही. न सांगता परत येते म्हटलं. आक्का जीपपर्यंत सोडायला आल्या आणि दाराला धरून हळू आवाजात बोलल्या. त्यांच्या धाकट्या पोराचं लग्न जमत आलं होतं. आक्का स्वतः जाऊन पोरगी बघून आल्या होत्या, पसंत होती. आता पोरीकडचे घर बघायला यायचे होते. "बेस्तरवारी येऊ नगासा, बाई. बाकी कवा बी या. टँकर पायजेच हाय आमाला. पर तो वर चढाय लागला की धुरळा खालच्या धा गावांत दिसतोय. एकदा तेवढं ठरू द्या." तिशी ओलांडलेला पोरगा, आधी दोन स्थळं विहीर बघून परत गेलेली. गुरुवारी येणार नाही, असा मी शब्द दिला.

आणि नेमकी जीप बिघडली. कागलच्या वर्कशॉपात ती उघडून पडली होती आणि मी रोज मेकॅनिकच्या डोक्यावर बसत होते. जीप मिळाली ती गुरुवारी सकाळी. टंचाईच्या गावांची यादी शुक्रवारी वर जायची होती. गुरुवारी न जावं तर वाडी यादीतून गळणार, जावं तर दिलेला शब्द मोडणार. मामा म्हणाले, जाऊ, लांब जीप लावू, आक्कास्नी गाठू, मग बघू काय ते. आम्ही गेलो.

लांब जीप लावायला सड्यावर झाड तरी हवं ना. अंगणात घोंगड्यावर पाहुणे बसले होते. पोरीचे वडील, सोबत दोन पुरुष, आणि पोरीची चुलती, ठसठशीत कुंकू लावलेली, सगळं बारकाईनं बघणारी. सगळ्यांनी आमच्याकडं माना वळवल्या.

"पोलिओच्या डोसाला आलोय," मामा बेधडक म्हणाले.

"मग डोस कुठाय?" चुलतीनं विचारलं.

"मागनं येतोय."

मी सरळ आक्कांच्या स्वयंपाकघरात घुसले. चुलीवर पोहे होते. मी सांगितलं ते असं: आजचा शेवटचा दिवस. आत्ता टेप सोडली तर विहीर भरलेली निघेल. न मोजता गेले तर वाडीचं नाव यादीत यायचं राहून जाईल. दोन्हीकडून टँकर गेलाच. मी फक्त सांगायला आलेय, काही मागायला नाही. तुम्ही म्हणाल तर आल्या पावली परत जाते.

आक्का चुलीपुढं बसल्या. उलथनं हातात तसंच. मागच्या दारातून पलीकडचं घर दिसत होतं. त्या घराशी बांधावरून त्यांचं वैर. दारात घागर पालथी होती, आणि त्या घरची सून, दिवस भरत आलेली, भिंतीला टेकून बसली होती. आक्का तिकडं बघत होत्या.

"पंधरा दिसांत दोन डाव राखली विहीर," त्या म्हणाल्या. "एक डाव तुमच्यासाठनं, एक डाव माझ्या पोरासाठनं. ती सून काल वढ्याला गेलती. अशात." मग पोह्यांचं पातेलं खाली उतरवलं. "माझ्या एका पोरासाठनं हिच्या लेकराचं पानी घालवू? आनि मंग तिला काय तोंड दावू?"

त्या पदर खोचून अंगणात गेल्या. मी मागोमाग. मला वाटलं त्या पाहुण्यांना काहीतरी निमित्त सांगून वाटेला लावतील.

"पावनं," आक्का म्हणाल्या, "तुमी मगाशी बघितलीसा ती विहीर राखल्याली हाय. आता खरी दावतो. मंग काय ते ठरवा." आणि वाडीकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "घागरी काढा गं!"

मग एका दारातली घागर सुलटी झाली, मग दुसऱ्या दारातली. बायका आल्या, पोरी आल्या, राहाट करकरायला लागला. मी आयुष्यात पुष्कळ विहिरी बघितल्या, पण विहीर अशी जाताना बघितली नव्हती. कुणी धक्काबुक्की करत नव्हतं. प्रत्येक घराची ठरलेली घागर, ती भरली की बाजूला व्हायचं. पहिली घागर त्या गरोदर सुनेच्या दारात गेली, आणि ती आक्कांनी स्वतः नेली. लहान पोरं बादलीला तोंड लावून पीत होती. गुरं दावणीला हंबरायला लागली. भिंतींवरची ओली रेघ खाली-खाली सरकत होती. आरशासारखं पाणी आधी गढूळलं, मग लाल झालं, मग बादली दगडावर खणकन आपटली. तळ लागला. तरी निम्म्या घागरी रिकाम्याच होत्या. एक बाई कपारीत पाय देत खाली उतरली आणि वाटीनं चिखलातलं पाणी निपटायला लागली. वाटीचा तो खरवडल्याचा आवाज वर अंगणापर्यंत ऐकू येत होता.

"सोडा टेप," आक्का म्हणाल्या.

मी खडू लावला. टेप वर आली तेव्हा वजनाला लाल चिखल होता आणि खडू पांढराच्या पांढरा.

"लिवा, बाई."

मी लिहिलं. पोरीचे वडील उठले. टोपी झटकली, सोबतच्यांकडं बघितलं. "बरं हाय, आक्का. कळवतो आमी." कळवतो म्हणजे काय हे मराठी मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. धाकटा गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

पण चुलती जागची हलली नव्हती. ती विहिरीच्या काठाला उभी होती, राहाटाचा दोर हातात धरून. दोर आता ओला होता.

"भावजी, कळवतो काय? बसा खाली," ती म्हणाली. मग आक्कांकडं वळली. "आक्का, तुमी आमची पोरगी बघाय आलतासा तवा आमच्या आडाला पानी किती हुतं?"

"वरपतोर हुतं की. मी घरी येऊन सांगितलं बी, पोरीच्या गावाला पान्याचं सुख हाय म्हून."

"तीन दिस राखला हुता आमी."

मग आक्कांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागल्या. त्यांच्या त्या आवाजात. चुलती हसली, बायका हसल्या, विहिरीच्या तळातली बाई 'काय झालं गं?' म्हणून वर बघून ओरडायला लागली. पोरीचे वडील टोपी हातात घेऊन उभेच होते, त्यांना बसायचं की जायचं ते कळेना. शेवटी बसले. पोहे आले.

मी मात्र हसत नव्हते. ते कुठलं गाव, ते मी चुलतीला विचारलं. तिनं सांगितलं. त्या गावाला मी मागच्याच पंधरवड्यात जाऊन आले होते. आडात भरपूर पाणी होतं. 'पुरेसं' असं लिहून मोकळी झाले होते.

"व्हय की," ती म्हणाली. "तुमच्यासाठनं बी राखल्यालाच हुता. आता न सांगता या."

उतरताना सड्याच्या कडेला मामांनी जीप थांबवली. खाली दूरपर्यंत गावं दिसत होती, कौलांचे ठिपके, मधे कुठं आड, कुठं विहीर. मामा म्हणाले, "घरोघरी मातीच्या चुली." त्या उन्हाळ्यात मी कुठकुठं गेले, कुठं गुळाबरोबर पाणी प्यायले, कुठं दुसरा तांब्या मागितला, ते आठवत होते. आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या येण्याआधी किती बायका ओढ्याला उतरल्या असतील! मी मोजत होते ते पाणी नव्हतंच, तो माझा पाहुणचार होता. एवढा मोठा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता आणि तो मला कुठं ठेवू हे कळत नव्हतं.

शुक्रवारी साहेबांशी माझं जोरात भांडण झालं. मिरची कामाला आली. यादी थांबली, निरोप न पाठवता पुन्हा फिरायची परवानगी मिळाली, आणि चुलतीचं गाव वाडीच्या खालोखाल नापास झालं. मे महिन्यात धाकट्याचं लग्न झालं. मामा जाऊन आले होते. सांगत होते, की वऱ्हाडाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर एकाच वेळी चढाला लागले, आणि धुरळा असा उडाला की खालच्या धा गावांना दिसला असेल.

नंतर पुष्कळ वर्षांनी, दोन हजारचं दशकही उलटत आलं तेव्हा, मी पुन्हा त्या वाडीत गेले. न सांगता. वाडीला नळ आले होते, सकाळी तासभर पाणी यायचं. माझ्या फॉर्मवर आता 'पुरेसं' असं लिहायचं होतं, पण मी आधी विहिरीवर जाऊन दोराला हात लावला. ती सवय तेव्हापासून लागली आहे, ती गेली नाही. दोर ओला होता, शेवाळलेला. आक्का थकल्या होत्या, आवाज मात्र तसाच. सुनेनं गूळ आणला, तांब्या आणला. मी तांब्या हातात घेतला आणि तशीच थांबले. दारातल्या घागरींकडं माझी नजर गेली असावी.

"पिवा की, बाई," आक्का म्हणाल्या. "राखल्यालं न्हाय ह्ये."

मी प्यायले, आणि दुसरा तांब्या मागितला.